नाव न विचारता काढलेला फोटो

२०२० च्या एप्रिलमधली गोष्ट. लॉकडाऊन लागला आणि हंगामासाठी गाव सोडून गेलेले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांमध्ये अडकून पडले. आम्ही पाच-सहा कार्यकर्ते धान्याचे किट घेऊन अशाच एका तळावर गेलो होतो. किट देताना फोटो काढले, कारण ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशेब दाखवायचा होता. त्यातला एक फोटो फारच 'चांगला' आला. डोक्यावर पदर, कडेवर लेकरू, एक हात पिशवीवर आणि नजर कुठेतरी लांब. आम्ही तो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गरजू ऊसतोड महिला'. तो बराच फिरला. त्यामुळे धान्यही जास्त जमलं, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या हंगामात तीच टोळी भेटली. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी कुणाचा तरी मोबाइल घेऊन आमच्याजवळ आली. म्हणाली, "दादा, ही माझी माय हाय. इथं नुसतं गरजू लिवलंय. मायचं नाव का नाय लिवलं?"

लिहिलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. दोन तास आम्ही त्या तळावर होतो. शंभरेक लोकांचे आधार कार्ड नंबर वहीत उतरवून घेतले, आणि जिचा चेहरा गावभर फिरवला तिला नाव विचारायचं सुचलं नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एक फोटो दाखवला गेला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. अमेरिकेतल्या महामंदीवरचा कुठलाही लेख उघडा, तो तिथे असतो. मधोमध एक बाई, हात गालाशी, कपाळावर आठ्या. दोन मुलं तिच्या खांद्यांवर डोकं टेकून, पाठ फिरवून उभी. मांडीवर तान्हं बाळ. नाव 'मायग्रंट मदर', म्हणजे स्थलांतरित आई. वर्गात आम्हाला प्रकाश, चौकट, मेरी आणि बाल येशूची आठवण असं बरंच काही सांगितलं गेलं. परीक्षेत आम्ही ते लिहिलं आणि मार्कही मिळवले. त्या मुलीने प्रश्न विचारल्यावर मात्र तो फोटो पुन्हा वाचायला घ्यावा लागला.

फोटो मार्च १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या निपोमो या गावाजवळचा. काढणारी डोरोथिया लँग. ती आधी सॅन फ्रान्सिस्कोत स्टुडिओ चालवायची, पैसेवाल्यांचे फोटो काढायची. १९२९ च्या मंदीनंतर स्टुडिओच्या खिडकीखालून बेकारांचे तांडे जाऊ लागले, तेव्हा ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. १९३५ पासून ती सरकारी नोकरीत होती. रूझवेल्टच्या न्यू डील काळात 'रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' नावाचं खातं निघालं, पुढे १९३७ मध्ये त्याचं 'फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' झालं. गरीब शेतकरी आणि शेतमजुरांना मदत करणारं हे खातं. त्यात एक फोटो विभाग होता आणि त्याचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. हा गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. बाबासाहेब तिथून बाहेर पडल्यानंतर काही वर्षांनी तो तिथे आला. स्ट्रायकरचं काम होतं देशाला देशातली गरिबी दाखवणं, म्हणजे खात्यावर होणाऱ्या खर्चाला लोकांचा पाठिंबा राहील. देणगीदारांना हिशेब दाखवण्याचाच हा मोठा, सरकारी प्रकार.

त्या दिवशी लँग महिनाभराचं काम संपवून घरी निघाली होती. पाऊस होता. रस्त्यालगत मटार तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली, पण ती थांबली नाही. वीसेक मैल पुढे गेल्यावर मन लागेना म्हणून गाडी वळवून परत आली. थंडीने मटाराचं पीक करपलं होतं आणि कामाच्या आशेने आलेली अडीच हजारांच्या आसपास माणसं उपाशी बसली होती. लँग त्या बाईच्या तंबूजवळ गेली, दहा मिनिटांच्या आत मोजकेच फोटो काढले आणि निघाली. चोवीस वर्षांनी एका मासिकात तिने स्वतःच लिहिलं की आपण त्या बाईला नाव किंवा तिची हकीकत विचारली नाही. बाईने वय ३२ सांगितलं, शेतातली गोठलेली भाजी आणि मुलांनी मारलेली पाखरं खाऊन दिवस काढतोय असं सांगितलं, आणि अन्नासाठी गाडीचे टायर नुकतेच विकले असंही सांगितलं, अशी लँगची आठवण.

फोटो 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये छापून आले आणि सरकारने घाईघाईने त्या तळावर २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ हजार किलो धान्य पाठवलं. फोटोग्राफीच्या पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते: फोटोने भुकेल्यांना जेवू घातलं. पण धान्य पोचलं तेव्हा ती बाई आणि तिची मुलं तिथे नव्हती. ती कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती.

तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स. नंतरच्या लग्नाने फ्लॉरेन्स थॉम्प्सन. जगाला हे नाव १९७८ मध्ये कळलं, फोटो काढल्यावर ४२ वर्षांनी, मोडेस्टो गावातल्या एका पत्रकाराने तिला शोधून काढलं तेव्हा. आणि नावाबरोबर आणखी एक गोष्ट कळली. फ्लॉरेन्स चेरोकी होती, अमेरिकेतली मूलनिवासी. १९०३ मध्ये तिचा जन्म झाला तो 'इंडियन टेरिटरी'त, जी पुढे ओक्लाहोमा राज्यात विलीन झाली. चेरोकींना त्यांच्या आग्नेयेकडच्या मूळ जमिनीवरून १८३८-३९ मध्ये सैन्य लावून हाकललं होतं. वाटेत हजारो माणसं मेली. ती वाट इतिहासात 'अश्रूंची वाट' म्हणून ओळखली जाते. फ्लॉरेन्सचं स्थलांतर १९३६ च्या मटारांपासून मोजायचं की या वाटेपासून?

लँगच्या कॅप्शनमध्ये यातलं काही नव्हतं. मटार तोडणारी निराधार बाई, सात मुलांची आई, वय ३२, निपोमो. बस. अमेरिकेने ती गोरी आहे असं धरून चाललं. धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून उखडलेली, आपल्यातलीच, कष्टाळू गोरी शेतकरीण. तिथे तिच्या जागी 'इंडियन' असा शब्द लिहिला असता, तर त्या देशाच्या काळजाला तेवढाच पाझर फुटला असता का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते हवेतलं नाही. त्याचा कागदोपत्री पुरावा स्ट्रायकरच्याच पत्रात आहे. १९३७ मध्ये दक्षिणेतल्या कुळांचे फोटो काढायला निघालेल्या लँगला त्याने कळवलं की काळे आणि गोरे दोघांचेही फोटो घे, पण भर गोऱ्यांवर ठेव, कारण त्यांचेच फोटो जास्त ठिकाणी वापरले जातील. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याला आपला वाचक माहीत होता, इतकंच. आपल्याकडचे सज्जन संपादक असंच बोलतात, तेव्हा त्यांनाही आपला वाचक माहीत असतो.

एकाच फोटोची गोष्ट बघा. १९३६ मध्ये लँगने मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ एक फोटो काढला. पुढे एक धिप्पाड गोरा मुकादम, गाडीच्या बंपरवर पाय रोवून उभा. मागे दुकानाच्या पायऱ्यांवर काळे शेतमजूर बसलेले. कोण मालक आणि कोण मजूर, हे त्या पायावरून कळतं. दोन वर्षांनी कवी आर्चिबाल्ड मॅक्लीशने आपल्या 'लँड ऑफ द फ्री' या पुस्तकात तो घेतला. घेताना मागचे काळे मजूर कापून टाकले आणि एकटा गोरा माणूस ठेवला, स्वतंत्र अमेरिकन माणसाचं प्रतीक म्हणून! पुस्तकाचं नाव पुन्हा वाचा.

आता थोडं शेतात जाऊ. कॅलिफोर्नियाची शेती म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी घरची दोन एकर नव्हती. मोठमोठे मळे, कंत्राटदार, पिकामागून पीक, आणि गाडीत संसार घालून मटारामागून कापसाकडे, कापसामागून फळांकडे फिरणारे मजूर. यांत मेक्सिकन होते, फिलिपिनो होते, काळे होते. ऑक्टोबर १९३३ मध्ये सॅन वाकीन खोऱ्यात हजारो कापूस वेचणाऱ्यांनी संप केला, त्यांत बहुसंख्य मेक्सिकन. पिक्सली गावात मळेवाल्यांनी संपकऱ्यांवर गोळ्या चालवल्या, माणसं मेली. त्याच दशकात मेक्सिकन वंशाच्या लाखो माणसांना 'तुमच्या देशात जा' म्हणून रेल्वेत बसवून पाठवलं गेलं. त्यांतले कित्येक जन्माने अमेरिकन नागरिक होते. आपण ज्या मटाराच्या तळाबद्दल बोलतोय, तो या संपानंतर अडीच वर्षांनी. पण महामंदीचं चित्र म्हटलं की संपाचा फोटो आठवत नाही. आठवते ती गालाशी हात लावून बसलेली, काहीही न मागणारी आई.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. फोटो निघत होते तेव्हाच वॉशिंग्टनमध्ये कायदे होत होते. जुलै १९३५ मध्ये कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. त्यातून शेतमजूर वगळले. ऑगस्ट १९३५ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा आणि बेकारी विम्याचा सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यातूनही शेतमजूर वगळले. १९३८ मध्ये तासाला किमान २५ सेंट मजुरी आणि कामाच्या तासांची मर्यादा ठरवणारा कायदा झाला, आणि पुन्हा शेतमजूर बाहेरच. पहिल्या दोन कायद्यांत घरकाम करणाऱ्या बायकांनाही याच रांगेत बाहेर उभं केलं. शेतमजूर आणि मोलकरीण. दक्षिणेत ही दोन कामं कोण करत होतं? गुलामगिरी संपून सत्तर वर्षं झाली होती आणि देशातले निम्म्याहून अधिक काळे कामगार याच दोन कामांत होते. काँग्रेसच्या समित्यांवर दक्षिणेतल्या गोऱ्या सभासदांचा कब्जा होता. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही लिहावा लागला नाही, धंद्याचं नाव लिहिलं की पुरत होतं. जात न लिहिता जात कशी पाळायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणजे एका हाताने सरकार शेतमजुराचा फोटो काढत होतं आणि दुसऱ्या हाताने कायद्यातून त्याचं नाव खोडत होतं. स्ट्रायकरच्या विभागाने पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह जमवल्या. त्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. जगात गरिबांचा एवढा मोठा अल्बम क्वचितच कुठे असेल. पण २० हजार पौंड धान्य एकदा मिळतं. संघटनेचा हक्क असता तर तीच माणसं दर हंगामाला आपला दर ठरवू शकली असती. १९३५ च्या त्या कामगार कायद्याच्या व्याख्येत शेतमजूर आजही बसत नाही. कॅलिफोर्नियाने आपला वेगळा कायदा केला तो १९७५ मध्ये, आणि त्याआधी १९६५ पासून डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांना वर्षानुवर्षं संप करावा लागला. लॅरी इटलिओंग, सीझर चावेझ, डोलोरेस वेर्ता ही नावं शोधून वाचा.

आता तुम्ही म्हणाल, मग लँगवर राग का काढायचा? राग नाही. उलट त्या विभागात मजुरांशी सर्वांत जास्त बोलणारी, त्यांचे शब्द वहीत टिपून घेणारी तीच होती. लहानपणी पोलिओ झाला होता, ती लंगडत चालायची, आणि आपल्या लंगडेपणामुळे लोक आपल्याशी मोकळेपणाने बोलतात असं तिला वाटायचं. तिचा नवरा पॉल टेलर हा अर्थतज्ज्ञ. त्याने त्या कापसाच्या संपाचा अभ्यास केला होता. दोघांनी मिळून १९३५ मध्ये मजुरांच्या हालाखीचे अहवाल दिले, त्यांत तिचे फोटो जोडले, आणि त्यातून २० हजार डॉलर मंजूर होऊन मेरीसव्हिल आणि आर्विन इथे स्थलांतरितांसाठी पहिले सरकारी तळ उभे राहिले. पाणी, संडास, डोक्यावर छप्पर. आपल्या उसाच्या फडावर आजही बाईला आडोसा मिळत नाही, तेव्हा हे काम लहान म्हणू नये. शिवाय फोटो सरकारी होता, लँगलाही पगारापलीकडे त्याचे पैसे मिळाले नाहीत. पण इतकी जागरूक बाईसुद्धा त्या दिवशी दहा मिनिटांत निघाली, आणि ज्या दिवशी तिने नाव विचारलं नाही त्याच दिवशीचा फोटो अजरामर झाला. ज्या फोटोंखाली माणसं स्वतः बोलतात, ते मागे राहिले. १९३९ मध्ये तिने त्या निगेटिव्हमधून एक अंगठाही पुसवून घेतला. तंबूच्या खांबाला धरलेला, कोपऱ्यात दिसणारा बाईचा अंगठा. चौकट बिघडत होती म्हणून!

त्याच १९३६ सालात आपल्याकडे काय चाललं होतं, हे इथे नोंदवायला हवं. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं मुंबईत मोर्चाने आली. कुळांच्या दैन्यावर कुणाला पाझर फुटतो का, याची वाट पाहिली नाही. विधेयक पुढे मंजूर झालं नाही हे खरं. पण मागणी कुळांच्या तोंडून आली होती, आणि कायद्याच्या भाषेत आली होती. त्याआधी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला तोही याच हिशेबाने, की आपल्याबद्दल दुसऱ्याच्या पत्रात काय छापून येतं यावर आपलं भागणार नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अमेरिकेत ज्याने करून दाखवलं, त्याची कहाणी याच फोटोंपासून सुरू होते. गॉर्डन पार्क्स, जन्म १९१२, कॅन्ससमधला काळा मुलगा. रेल्वेच्या डब्यात वेटर म्हणून काम करायचा. १९३७ च्या सुमारास प्रवाशांनी टाकून दिलेल्या एका मासिकात त्याने या सरकारी विभागाचे स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले आणि सिएटलमधल्या एका गहाणाच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, फेलोशिप मिळवून तो थेट स्ट्रायकरच्याच विभागात दाखल झाला. स्ट्रायकरने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, कॅमेरा इथेच ठेव आणि शहरात जा, हॉटेलात जेव, सिनेमा बघ, दुकानातून कोट घे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याला एकाही ठिकाणी धड आत घेतलं नाही. परत आला तो संतापून. या अन्यायाचा फोटो कसा काढायचा, हे त्याला कळेना. स्ट्रायकर म्हणाला, इथेच ज्यांचा जन्म गेला त्यांच्याशी आधी बोल, आणि त्याच इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. पत्र लिहिणाराही हाच स्ट्रायकर आणि हे शिकवणाराही हाच. माणसं अशीच गुंतागुंतीची असतात.

तिचं नाव एला वॉटसन. पार्क्सने आधी तिला तिची कहाणी विचारली. बापाला गोऱ्या जमावाने मारलेलं, नवऱ्याला गोळी घातलेली. वर्षाला १,०८० डॉलर पगारावर ती नातवंडं वाढवत होती आणि गरिबांसाठीच्या त्या सरकारी खात्याची फरशी पुसत होती. पार्क्सने तिला राष्ट्रध्वजासमोर उभं केलं, एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप. ती थेट कॅमेऱ्यात बघते. तिचा चेहरा काही मागत नाही, आणि दयाही येऊ देत नाही. स्ट्रायकरने फोटो पाहिला आणि म्हणाला, तू आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या घालवशील. पार्क्स तिथेच थांबला नाही. पुढचे काही आठवडे तो तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये, तिच्या नातवंडांबरोबर राहून फोटो काढत होता. त्या मालिकेच्या कॅप्शनमध्ये 'मिसेस एला वॉटसन' असं लिहिलेलं आहे. सफाई करणाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिसेस', त्या काळातल्या वॉशिंग्टनमध्ये. आपल्याकडे गावातल्या सवर्णांनी आपल्या आजीला कधी 'बाई' म्हणून हाक मारली होती का, हे घरी विचारून बघा.

तर फ्लॉरेन्स. तिने जन्मभर काम केलं. शेतात, दवाखान्यात, बारमध्ये, स्वयंपाकघरात. मजुरांच्या संघटनेच्या कामातही ती तीसच्या दशकात होती, पण फोटोतल्या बाईकडे बघून ते कुणाच्या मनात येत नाही. १९५८ मध्ये एका फोटो मासिकात आपला चेहरा पाहून तिने संपादकांना पत्र लिहिलं की अंक मागे घ्या. १९७८ मध्ये पत्रकाराला तिने सांगितलं की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. मला यातून एक पैसा मिळाला नाही, नाव विचारलं नाही, फोटो विकणार नाही म्हणाली होती, प्रत पाठवते म्हणाली होती ती कधी आली नाही, असं तिचं म्हणणं होतं. टायर विकल्याची गोष्ट तर घरच्यांनी साफ नाकारली. त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली म्हणून ती मंडळी त्या तळावर होती. जोडीदार आणि मोठे मुलगे रेडिएटर दुरुस्त करायला गेले होते. विकायला टायर होतेच कुठे, आणि विकले असते तर पुढे गेलो कसे, असा त्यांचा साधा सवाल.

१९८३ मध्ये ती आजारी पडली, कॅन्सर आणि अर्धांगवायू. उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी लोकांना आवाहन केलं आणि देशभरातून ३५ हजार डॉलरच्या वर मदत आली, पत्रांचा ढीग आला. ती पत्रं वाचून मुलांचाही फोटोबद्दलचा राग बराच ओसरला. हेही सांगायला हवं, कारण त्या फोटोने लोकांच्या मनात काहीतरी खरं जागं केलं होतं. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्लॉरेन्स गेली. १९९८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्या फोटोचं तिकीट काढलं, किंमत ३२ सेंट, कॅप्शनमधल्या वयाइतकी. त्याच वर्षी लँगच्या हस्ताक्षरातल्या टिपणांसह त्या फोटोची एक प्रत लिलावात गेली. २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना.

आम्ही आमचा तो फोटो काढून टाकला. पण शेअर झालेल्या प्रती अजून फिरतात. गेल्या वर्षी एका संस्थेच्या पत्रकावर त्या मुलीची माय पुन्हा दिसली, यावेळी खाली फक्त 'महिला सक्षमीकरण' लिहिलेलं होतं. तो हंगाम संपल्यावर टोळी आपल्या गावी परतली. मुकादमाकडून गावाचा पत्ता घेऊन आम्ही गेलो, तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, यंदा कर्नाटकात गेलेत, उचल तिकडच्या मुकादमाची घेतली. नाव आम्ही त्या शेजारणीकडून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं आहे. इथे लिहीत नाही, कारण तिला अजून विचारलेलं नाही.

फ्लॉरेन्सची कबर कॅलिफोर्नियातल्या ह्यूसन गावाजवळ आहे. दगडावर तिचं पूर्ण नाव कोरलं आहे, फ्लॉरेन्स लिओना थॉम्प्सन, आणि त्याबरोबर 'मायग्रंट मदर' हे शब्दसुद्धा.